बॅटरी नको

आमच्या घरी सोलर बसवायचं ठरलं ते सासूबाईंच्या ऑक्सिजनच्या यंत्रासाठी. रोज दुपारी बारा ते दोन वीज जायची, यंत्र बंद पडायचं आणि मी सिलिंडर ओढत त्यांच्या पलंगाशी न्यायचे. सिलिंडर जेमतेम दोन तास पुरायचा आणि दोनच्या ठोक्याला वीज येईलच असं काही कुणी लिहून दिलं नव्हतं. म्हणून सोलर. इतकी साधी गोष्ट. पण साध्या गोष्टीचा विचका करायला आमचे सासरे एकटे पुरेसे आहेत.

त्यांनी बत्तीस वर्षं मीटर रीडरची नोकरी केली. लोकांची मीटरं पुढे पळताना बघण्यात जन्म गेला, त्यामुळे स्वतःचं मीटर उलटं पळणार या कल्पनेनं त्यांना पार वेड लावलं. येणाऱ्या प्रत्येक सोलरवाल्याला त्यांचा एकच प्रश्न, "उरलेली वीज लाइनला गेली की आमचे युनिट वजा होणार ना?"

माझाही एकच प्रश्न होता. "लाइन गेल्यावर आईंचं यंत्र चालेल का?"

पहिले दोघे सासऱ्यांकडे बघून हसले आणि मला म्हणाले, "ऊन आहे तोवर काळजीच नाही, मॅडम." तिसरा, चष्मेवाला, तेवढा खरं बोलला. "बॅटरी घेतलीत तर चालेल, ताई. नाहीतर लाइन गेली की सगळं आपोआप बंद होतं."

"बॅटरी नको," सासरे म्हणाले. बिचाऱ्याला चहाही पुरा पिऊ दिला नाही.

मी नवऱ्याकडे गेले. मोबाइलमधून मान वर न काढता तो म्हणाला, "अगं, विजेतलं बाबांना कळतं." लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय मी. विजेच्या जागी पाणी घाला, बँक घाला, औषधं घाला, कळतं ते बाबांनाच. मी महिनाभर डोकं फोडलं आणि मग थकून गप्प बसले.

पहिल्याच सोलरवाल्यानं पॅनेल बसवली. दुसऱ्या दिवशी सासरे सकाळपासून मीटरसमोर उभे. शेजाऱ्यांना हाताला धरून आणून दाखवत होते. बाराला वीज गेली. गच्चीवर पाय ठेववत नव्हता इतकं ऊन, आणि खाली सासूबाईंचं यंत्र एक लांब शिटी मारून बंद पडलं. मी धावत सिलिंडर लावला.

सासऱ्यांनी सोलरवाल्याला फोन लावला आणि त्याला फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "काका, बॅटरी नसली की ते बंदच होतं. खांबावर काम करणाऱ्याला तुमच्या पॅनेलचा शॉक बसू नये म्हणून. तुम्ही तर याच खात्यातले, तुम्हाला मी काय सांगणार?"

आणि त्यांना ते माहीत होतं. लाइनचं काम चालू असलं की जनरेटर बंद ठेवा, असं लोकांना दारोदार बजावण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली होती. उलट्या मीटरच्या नादात तेही डोक्यातून निसटलं आणि चष्मेवाल्यानं सांगितलेलंही.

आता मी तोंड सोडणारच होते. महिनाभराचं सगळं जिभेवर आलं होतं. पण सासरे पलंगाशी आले आणि सासूबाईंनाच समजावू लागले. "पॅनेल पंचवीस वर्षं टिकतात गं. बॅटरी आठ वर्षांत बाद होते. आठच वर्षांसाठी कशाला घ्यायची, म्हणून नको म्हटलं."

सासूबाईंनी नाकावरची नळी नीट केली. श्वास जुळवायला त्यांना थोडा वेळ लागला.

"मला विचारलं असतंत," त्या म्हणाल्या, "तर मी दोन वर्षं टिकणाऱ्या बॅटरीलासुद्धा हो म्हटलं असतं."

माझ्या जिभेवरचं सगळं जागच्या जागी विरून गेलं. त्या पलंगापासून दहा पावलांवर बसून महिनाभर मी त्यांच्यासाठी भांडले होते, आणि एकदाही त्यांना काय हवंय ते विचारलं नव्हतं.