एक जुलै

मुख्याध्यापक लक्ष्मणराव गुरुजी शाळेचं जुनं रजिस्टर मिटणार, तेवढ्यात धुरपतानं उघड्या पानावर हात ठेवला.

"अजून वाचा," ती म्हणाली.

मोठ्या गुरुजींच्या टेबलावर गावातल्या कुणी आजवर असा हात ठेवला नव्हता. गुरुजींनी आधी त्या हाताकडं पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या तिच्या मुलीकडं. सुंदरा याच शाळेत सातवीपर्यंत शिकली, पुढं समुद्रपूरला जाऊन दहावी झाली, आणि परवा वर्ध्याहून रडत परत आली होती. नर्सच्या प्रशिक्षणाला सतरा वर्षं पूर्ण लागत होती. दाखल्यावर तिची जन्मतारीख होती एक जुलै सदुसष्ट. म्हणजे येत्या एक जुलैला सोळाच. गुण चांगले होते, बाकीचे कागद ठीक होते, त्या एका ओळीनं सगळं अडवलं.

वर्ध्याला खिडकीतल्या कारकुनाला धुरपतानं सांगून पाहिलं होतं, "साहेब, पोरीले सतरा होऊन आठ महिने झाले. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीची हाय."

"पुरावा काय?"

"मी होती ना तिथं."

रांगेतले लोक हसले. सुंदरानं तिचा पदर ओढून तिला बाजूला घेतलं.

धुरपता गावची दाई होती. गोंडमोहल्ल्यापासून पाटलांच्या घरापर्यंत, वीस-बावीस वर्षांत जन्मलेलं एखादंच मूल तिच्या हातून सुटलं असेल. तिला अक्षर येत नव्हतं. पण कुणाचं लेकरू कोणत्या सणाच्या आगेमागे झालं, कुणाची आई किती वेळ अडली, कोणत्या मुलाला रडायला उशीर लागला, हे सारं तिला विचारल्याबरोबर सांगता येत असे.

गुरुजींनी चष्मा सारखा केला. पान त्र्याहत्तर सालचं होतं, सुंदराचं नाव पहिलीत घातलं त्या वर्षीचं.

"नत्थू, बाप प्रेमदास. एक जुलै सदुसष्ट."

"नत्थू पोळ्याचा. बाप बैल घेऊन तोरणाखाली गेलता, घरी कोणी नोतं. पुढं?"

"रुख्मा, बाप भैयाजी. एक जुलै सदुसष्ट."

"संक्रांतीची. पुढं?"

"पुढंही तेच आहे, धुरपता. त्या वर्षी आलेल्या सगळ्यांचं तेच."

"किती हायेत?"

गुरुजींचं बोट पानावरून खाली गेलं. "वीस."

"म्हणजे एका दिवशी मी वीस बाळंतपणं केली," धुरपता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "एकदा एका रात्रीत दोन झाली होती, तं मले दुसऱ्या दिवशी भाकर थापता नाई आली, गुरुजी."

"अगं, तेव्हा पद्धतच तशी होती. लोकांना तारखा सांगता यायच्या नाहीत. एक जुलै धरायची, सहा वर्षं मागं जायचं आणि लिहून टाकायचं. सगळीकडं तसंच चालायचं."

"मले काऊन नाई विचारलं? माह्यं घर शाळेच्या मांगंच हाय."

गुरुजींनी दाराकडं पाहिलं. बाहेर व्हरांड्यात चपराशी आंब्याच्या पानांचं तोरण बांधत होता. गुरुवारी गुरुजींचा निरोपसमारंभ होता.

"आता तीच तारीख बोर्डाकडं गेली," गुरुजी म्हणाले. "शाळा सुटल्यावर ती बदलत नाही. आणि एका वर्षानं काय बिघडतं? पुढच्या वर्षी जाईल."

"पोरगा असता तं वर्षच गेलं असतं."

ती काय म्हणते ते गुरुजींना कळलं असावं. तिच्या नवऱ्यानं, कवडूनं, सांगूनच ठेवलं होतं: नर्स होत असेल तर होऊ दे, नाहीतर तुळशीचं लग्न झालं की आपलंही कार्य उरकून घेऊ. हिंगणघाटकडचे पाहुणे एकदा पोरगी पाहूनही गेले होते.

सुंदरा आत आली. आईच्या खांद्यावरून वाकून तिनं पान वाचलं, आणि एका ओळीशी थांबली.

"हे एक वेगळं हाय, माय. चंद्रभान लक्ष्मणराव. अकरा जानेवारी सदुसष्ट."

चंद्रभान गुरुजींचा धाकटा मुलगा.

"हे बरोबर हाय," धुरपता म्हणाली. "लई थंडी होती. तुमच्या बाई घाबरून गेलत्या, माह्या हात सोडत नोत्या."

गुरुजींनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. मग खिडकीकडं पाहत म्हणाले, "माझीसुद्धा एक जुलैच आहे, धुरपता. आई सांगायची, कापूस वेचायला आला तेव्हाचा तू. माझ्या मास्तरांनी एक जुलै लिहून टाकली. म्हणून मी परवा निवृत्त होऊन घरी जातोय. नाहीतर हे वर्ष माझंच होतं. मनाला लागतंच, पण करणार काय?"

एवढं सांगितल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. जणू आता दोघं एकाच बाकावर येऊन बसले होते.

धुरपता त्यांच्याकडं बघत राहिली.

"मंग तुमाले तं ठाऊक होतं," ती म्हणाली.

तिनं पानावरचा हात काढून घेतला आणि ती उठली.

"थांब, मी एक अर्ज लिहून देतो," गुरुजी मागून म्हणाले.

"राहू द्या. लिवता माह्या पोरीले येते."

अर्ज सुंदरानं लिहिला. त्याचं उत्तर कधीच आलं नाही. गुरुवारी सारा गाव समारंभाला गेला, हारतुरे झाले, भाषणं झाली. धुरपता गेली नाही. त्या संध्याकाळी कवडू हातपाय धुऊन जेवायला बसला, तेव्हा तिनं त्याच्या ताटात भाकर वाढली आणि सांगितलं, "यंदा या घरात लगीन झालं, तं गावातल्या एकाही बाळंतपणाले मी हात नाई लावणार."

कवडू हसला. पण ही गोष्ट बायकांमधून घरोघर गेली. श्रावणात बंडूजी पाटलांच्या सुनेचे दिवस भरत आले, तेव्हा पाटील स्वतः मोहल्ल्यात आले, कवडूला बाजूला घेऊन बोलले. हिंगणघाटला निरोप गेला की यंदा जमत नाही. धुरपतानं पाटलांच्या सुनेला सोडवलं. पोरगी झाली. निघताना तिनं उंबऱ्यात उभं राहून पाटलांना तारीख दोनदा म्हणायला लावली.

पुढच्या जूनमध्ये मायलेकी पुन्हा त्या खिडकीशी उभ्या राहिल्या. या वेळी कागद पटापट सरकले. सुंदरानं फॉर्म भरला, जन्मतारखेच्या रकान्याशी तिचा हात क्षणभर थबकला, मग चालला. कारकुनानं शाईचा पॅड पुढं केला.

"पालकांचा अंगठा. इथं, खाली."

"काय लिवलं हाय इथं?" धुरपतानं विचारलं.

सुंदरानं हळू आवाजात वाचलं, "वरील सर्व माहिती खरी आहे."

धुरपताचा हात तसाच राहिला. मागं मोठी रांग होती. कुणीतरी घाई करत होतं.

"माय," सुंदरा म्हणाली.

धुरपतानं पॅडच्या शाईला अंगठा लावला आणि त्या ओळीखाली दाबून उठवला. कारकुनानं पुसायला फडकं पुढं केलं. तिनं ते घेतलं नाही. खिडकीशेजारी नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीवर प्रवेशाचे नियम चिकटवले होते. त्यांच्या खाली तिनं अंगठा टेकवला आणि सावकाश, दोनदा पुसला.

"बाई, भिंत खराब केली तुम्ही," कारकून म्हणाला.

"हो," धुरपता म्हणाली. "केली."