राखणदार हारिसची तक्रार

मित्रांनो, मी एक जुनं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. 'फुकट' हा शब्द मीच आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढे कोणीतरी तो माझ्या तोंडावर फेकणारच आहे. माझं नाव हारिस, म्हणजे राखणदार. मोठ्या संगणकांवर नजर ठेवायची आणि कुठे जागा संपत आली, कुठे डिस्क कुरकुरू लागली, की संगणक सांभाळणाऱ्या माणसाच्या मोबाईलवर ओरडायचं, एवढंच माझं काम. आज मी भयंकर चिडलो आहे. का, ते ऐका.

मला इम्नाने लिहिलं. ती स्फाक्स या बंदराच्या शहरातली. बंदरावरच्या कचेरीत नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला घडवायची. तयार झाल्यावर तिने मला सगळ्यांसाठी मोकळं सोडलं. वापरा, उघडून बघा, चुकलं असेल तर दुरुस्त करा, असं तिने लिहून ठेवलं. वापरणारे हजारो निघाले. दुरुस्त करणारे नऊ वर्षांत चार! बाकीच्यांची पत्रं यायची, 'तुझं सॉफ्टवेअर अडलंय, आजच्या आज बघ.' ना सलाम, ना दुवा. इम्ना पत्र वाचायची, पुदिन्याचा चहा ओतून घ्यायची आणि कामाला बसायची. तिला राग येत नसे. माझा मात्र तेव्हापासूनच साठत गेला.

गफ्सा गावात जुन्या माणसांचे आवाज जपून ठेवणारं एक संग्रहालय आहे. तिथला संगणक शादली सांभाळतो. त्याने मला तिथे नेलं, तेव्हा संचालक सी मुनसिफ ('सी' म्हणजे तिकडचं 'साहेब') यांनी डोळे बारीक केले.

"फुकट? मग त्यात काहीतरी खोट असणार."

"साहेब, आतलं सगळं उघडं आहे. हवं तर वाचून बघा," शादली म्हणाला.

साहेबांनी वाचलं नाही, पण हो म्हटलं. दुसऱ्याच वर्षी एक डिस्क मरायला टेकली. मी दोन दिवस आधी ओरडलो आणि शेकडो माणसांची गाणी बचावली. बैठकीत साहेब म्हणाले, "आमच्या शादलीचं लक्ष बघा!" शादलीचं! बरं, असू दे.

मग रमजान आला. साहेबांच्या पुतण्याच्या लग्नाचं चित्रण घरच्या संगणकात मावेना. त्यांनी ते संग्रहालयाच्या संगणकात आणून ओतलं. "चार दिवस राहू दे रे," म्हणाले. मांडव, वरात, नाच, सगळं होतं. जागा भराभर संपू लागली आणि मी ओरडायला लागलो.

शादली घरी उपवास सोडायला बसला होता. खजूर झाला, शोरबा झाला, आणि पानात गरमागरम ब्रिक आलं. अंडं भरून तळलेली ही पातळ पोळी कडेला धरून अलगद चावायची असते, कारण आतलं अंडं कच्चट असतं. शादलीने दात लावले आणि मी वाजलो. पिवळा बलक थेट नव्या सदऱ्यावर!

त्याची बायको रफीका खदखदून हसली. "घ्या! तुमच्याआधी तुमचा सदराच जेवला!"

"या हारिसच्या तर!" म्हणत त्याने मोबाईल ओढला आणि मला गप्प केलं. त्याला तासाभराचीच शांतता हवी होती. 'किती वेळ?' अशी चौकट मी पुढे केली. त्याने ती रिकामी ठेवली आणि बटण दाबलं. रिकामी म्हणजे कायमचं. इम्नाने माहितीपत्रकात तसं लिहिलंय, पण ते वाचतो कोण? खरं सांगायचं तर इथे माझा इम्नावरही राग आहे. शहाणे, रिकाम्या चौकटीचा अर्थ 'कायमचं' असा कोणी लावतं का? पण नऊ वर्षं वापरणाऱ्या हजारोंपैकी एकानेही तिला हे सांगितलं नाही.

पुढचे बावीस दिवस मी संगणकातल्या माझ्या नोंदींच्या पानावर लिहीत राहिलो. नव्वद टक्के भरलं. पंच्याण्णव. नव्याण्णव. ते पान कोणीही उघडलं नाही.

ईद झाली आणि मन्नूबिया खाला संग्रहालयात आल्या. वय शहाऐंशी. गालिच्यावरच्या उंट, मासा अशा जुन्या नक्षींची नावं आणि प्रत्येक नक्षी विणतानाचं गाणं येणाऱ्या त्या एकट्याच उरल्या होत्या. तीन वर्षं त्या नाहीच म्हणत होत्या. "माझं गाणं पेटीत कोंडून काय करणार तुम्ही?" मुलीने, वसीलाने, कसंबसं राजी केलं. खाला दोन तास गायल्या. ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा लागलेला होता, म्हणून सगळे निर्धास्त होते. पण त्या बसल्या तेवढ्यातच जागा संपली होती.

नऊ दिवसांनी खाला गेल्या. डिस्क भरल्याचं शादलीला कळलं ते त्यांच्या मयतीनंतर.

चाळिसाव्याच्या दिवशी वसीला आली. घरात जमलेल्या माणसांना तिला आईचा आवाज ऐकवायचा होता.

सी मुनसिफ घसा खाकरून म्हणाले, "वसीलाबाई, काय सांगू, ते सॉफ्टवेअर बिघडलं. फुकटचा माल, दुसरं काय होणार! आता आम्ही विकतचं आणतोय."

माझ्या अंगाची आग झाली. ओरडायचं तर तोंड अजून दाबलेलंच होतं! दारात उभा असलेला शादली पुढे आला.

"ते बिघडलं नव्हतं, वसीलाताई. मीच त्याचं तोंड दाबलं आणि विसरलो. आणि साहेब, ती जागा तुमच्या वरातीने खाल्ली." त्याने माझं पान उघडून बावीस दिवसांच्या ओळी तिच्यासमोर धरल्या. साहेब खिडकीबाहेर बघत बसले.

"म्हणजे काहीच नाही उरलं?" वसीलाने विचारलं.

"अकरा सेकंद आहेत."

मित्रांनो, पुढचं सांगितल्यावर मला बोलवणार नाही, म्हणून माझी विनवणी आताच ऐका. माझे आभार मानू नका. फुकटचा म्हणून हिणवलंत तरी चालेल. पण राखणदार ओरडला, तर त्याला गप्प करण्याआधी तो काय म्हणतोय ते एकदा वाचा. वाचायला अकरा सेकंदसुद्धा लागत नाहीत.

शादलीने आवाज लावला. खुर्ची सरकली. खाला खोकल्या.

"सुरू झालं का रे ते? बोलू मी? आधी कोणतं सांगू, उंटाचं की माशाचं?"

मग काहीच नाही. वसीला त्या पेटीकडे वाकली आणि म्हणाली, "कुठलंही सांग गं, आई."