बोसनचं वजन

अस्लम बोसनचं पोट त्याच्या आधी घरात शिरतं, असं रत्नागिरीच्या राजिवड्यात लोक म्हणायचे आणि त्याला त्याचा कधी राग आला नव्हता. बोसन म्हणजे जहाजाच्या डेकवरच्या खलाशांचा मुकादम. मुकादमाला पोट हवं आणि आवाज हवा, बाकीचं काम पोरं करतात, असं त्याचं एकवीस वर्षांचं मत होतं. राग आला तो मार्चमध्ये, मेडिकलच्या दिवशी. सोलापूरकडच्या त्या डॉक्टरने त्याला काट्यावर उभं केलं आणि 'एकशे तीन' असा आकडा साऱ्या दवाखान्याला ऐकू जाईल असा वाचला. अस्लमच्या उंचीला कंपनीची मर्यादा पंच्याण्णवची. जहाज जूनच्या पहिल्या आठवड्यात सुटणार होतं, कप्तान जुन्या ओळखीचा होता, त्याने जागाही धरून ठेवली होती. मेअखेर पुन्हा या, डॉक्टर म्हणाला, खाणं आवरा, चाला, योगासनं करा. पंच्याण्णव भरलं तर सही, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल.

खाणं आवरण्याचं त्याने मनावर घेतलं. योगासनांचं मनावर घेतलं ते देवरूखला कॉलेजात असलेल्या समरीनने. मुलीने फोनवरूनच बापाचं नाव घातलं, आणि एक एप्रिलला सकाळी सहा वाजता अस्लम मारुती मंदिराजवळच्या एका हॉलात चटईवर बसला. चटई त्याला पुरत नव्हती.

वर्ग चालवणारे चिंतामणी सर म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर. हाडं आणि चष्मा, एवढाच माणूस. फी घेत नसत, म्हणून अपमान करायला मोकळे होते. अस्लमने पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, किती दिवसांत किती किलो जाईल?"

"हा काय तांदळाचा बाजार आहे?" सर म्हणाले. "इथे किलोवर काही मिळत नाही. पाय पसरा आणि अंगठे धरा."

अंगठे फार लांब होते. अस्लमने आजूबाजूला पाहिलं. कोषागारातल्या सुनेत्राबाई कपाळ गुडघ्याला टेकवून निवांत बसल्या होत्या, बाकीचे डोळे मिटून शहाणा चेहरा करून श्वास घेत होते. श्वास घ्यायला शिकवणी लावणारी माणसं! त्याला हसू आवरेना. भर वादळात मनगटाएवढा जाड दोर ओढलेल्या माणसाला एक मास्तर सांगतो की उजवी नाकपुडी दाबा. पेन्शनीत निघालेल्या आणि घरात कोणी न विचारणाऱ्या लोकांचे हे सकाळचे चाळे, असा निकाल त्याने तिथल्या तिथे देऊन टाकला. तरी तो रोज गेला. जहाज हवं होतं, आणि डॉक्टरने विचारलं तर 'केलं' म्हणून सांगायला हवं होतं.

वर्गात एकच गोष्ट त्याच्या पसंतीची होती. पालीच्या रस्त्याला सरांची हापूसची पन्नासेक कलमं होती. चांगला आंबा पेटीतून बाहेरगावी जायचा, डागी आंबा घरी राहायचा, आणि घरात खाणार कोण? म्हणून सर रोज टोपलीभर डागी आंबे वर्गात आणत. शवासनात मेलेली सगळी मंडळी टोपलीचा आवाज आला की जिवंत होत. डाग तेवढा कापायचा आणि उरलेला आंबा चोखायचा. "पित्ताला उत्तम," सर म्हणायचे आणि स्वतः चार संपवायचे. सरांना ते शोभत होतं, कारण इथून गेल्यावर ते दिवसभर बागेत चढउतार करत. अस्लम इथून जायचा तो स्कूटरवरून घरी.

घरी शिस्त कडक होती. भात बंद, साखर बंद, मटण बंद. दोन चपात्या आणि भाजलेला बांगडा. त्याची बायको शमीम समोर बसून वाढायची आणि जेवण झालं की आढीतले पिकलेले आंबे निवडून, धुऊन, कापून पुढ्यात ठेवायची. रात्री वाटीभर रस. ती स्वतः फोडीलाही हात लावत नसे. मोसमात आंबा न खाणारी रत्नागिरीची बाई! पण ते अस्लमच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. त्याचं ध्यान पोटावर होतं.

दर शुक्रवारी तो मिरकरवाड्याच्या जेटीवर जाऊन मासळीच्या काट्यावर उभा राहायचा, कारण दवाखान्यातले काटे खोटे असतात अशी त्याची खात्री होती. पहिल्या शुक्रवारी एकशे तीन. तिसऱ्या शुक्रवारी एकशे तीन. मे उजाडला तेव्हा एकशे चार. जेटीवरच्या होड्यांच्या तांडेलांना त्याने तिथेच जाहीर सांगून टाकलं, "योगाने वजन वाढतो! मी स्वतः करून बघितला. नाकपुडी दाबून चरबी जाते तर डॉक्टर कशाला पायजे?" लोक हसले. त्यांना ते पटलं, कारण त्यातल्या एकालाही सकाळी सहाला उठून अंगठे धरायचे नव्हते. आणि या भाषणांच्या भरात अस्लमने एक गोष्ट कोणाला सांगितली नाही. त्याला आता अंगठे धरता येत होते, आणि जिना चढताना पूर्वी मध्येच थांबायचा तसं थांबावं लागत नव्हतं. असली फालतू गोष्ट सांगायची कशाला?

मेअखेरीस तो मेडिकलला गेला. शमीम या खेपेला हट्टाने बरोबर आली.

काटा एकशे चारच म्हणाला. डॉक्टरने भुवया उंचावल्या, मग रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला. "हा तर चांगला उतरलाय. कंबर दुखायची ती?"

"नाय दुखत आता."

"वाका पाहू." अस्लम वाकला आणि त्याची बोटं जमिनीला टेकली. डॉक्टर खूश झाला. "उत्तम! योग चालू ठेवा. पण वजन का वाढलं? दिवसभरात खाता काय?"

अस्लमने छाती काढून यादी म्हटली. चपात्या दोन, बांगडा एक, चहा बिनसाखरेचा.

"फळं?"

"आंबे."

"किती?"

आता आंबे कोण मोजतं? विकायचा आंबा डझनावर मोजतात, घरातला आंबा खातात. तरी डॉक्टर अडूनच बसला, तेव्हा अस्लमने बोटांवर मोजलं. वर्गात चार, दुपारी जेवणावर तीन, चहाच्या वेळेला एखाद-दोन, रात्री रस, त्यात तीन-चार तरी जात असतील. डॉक्टरचं पेन थांबलं.

"अहो, दिवसाला डझनभर आंबे? दोन महिने?"

"आंबा काय खाणा आहे, डॉक्टर? जेवान झाल्यावर खातात तो."

सोलापूरच्या माणसाने कपाळाला हात लावला. "योगाने तुमचं अंग लवचीक झालं, दम वाढला, रक्तदाब खाली आला. आणखी काय करायचं त्याने? तुमच्या तोंडाला कुलूप घालायचं?" आणि कागदावर त्याने लिहिलं, तात्पुरता अपात्र, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. जहाज सहा दिवसांत सुटणार होतं.

बाहेर येऊन अस्लम स्कूटरला टेकून उभा राहिला. जागा गेली होती. आतून काहीतरी खचत होतं, आणि ते खचणं झाकायला त्याच्याजवळ शिव्यांखेरीज काही नव्हतं. चिंतामणी सर, त्यांच्या चटया, त्यांची टोपली, समरीनचा तो फोन, सगळ्यांचा त्याने उद्धार केला. "ढोंग आहे सगळा! दोन महिने सकाळची झोप मोडली. आता जाऊन त्या मास्तराला चार माणसांत विचारतो."

"चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला देताव?" शमीम म्हणाली. "मास्तराने काय केला? मला ठाव होता."

"काय ठाव होता?"

"आंब्याचा. गेल्या वर्षी मला साखर निघाली, तवाच डॉक्टरने माझा आंबा बंद केला, त्याने साखर आणि वजन दोन्ही वाढतो म्हणला. तुमी तवा ब्राझीलला होतात. फोनवर सांगितला होता, तुमी हां म्हटलात."

अस्लमला आठवेना. "मग तू रोज कापून पुढ्यात ठेवत होतीस ते?"

"ठेवत होते." तिने नजर वळवली नाही. "मुद्दाम ठेवत होते."

त्याचा हात स्कूटरच्या सीटवर आपटला. "माझी बोट गेली, शमीम!"

"गेली. एकवीस वर्षांत आंब्याच्या दिवसांत तुमी किती वेळा घरी होतात? दोनदा. एकदा लग्नाच्या वर्षी आणि एकदा पाय मोडला तवा. समरीनला पहिला आंबा मी चाखवला. तुमचे अब्बा गेले तवा आढी लावलेली होती, ती मी एकटीने उचलून शेजारी वाटली. यंदा तुमी पुढ्यात बसून खात होतात, हात कोपरापर्यंत माखून, आणि मी बघत होते. मला बरा वाटत होता. म्हणून वाढत गेले. माझा चुकला, पण मला बरा वाटत होता."

अस्लमने सीटवरचा हात काढून घेतला. चिडायला कारण होतं, चांगलं भक्कम कारण होतं, आणि तरी राग येईना. त्याला स्वतःचाच इतका तिटकारा आला की गेला महिनाभर जेटीवर केलेली सगळी भाषणं त्याच्या कानात किडा शिरावा तशी वळवळू लागली.

"जुलैत परत मेडिकल आहे," शमीम म्हणाली. "आंबा तवा संपलेला असेल. वजन उतरेल तुमचा. मी आडवी येणार नाय."

अस्लमने किल्ली लावली, पण स्कूटर चालू केली नाही. प्रत्येक खेपेला तो निघण्याची तारीख सांगत असे आणि ती बॅग भरत असे. याखेरीज दोघांत कधी बोलणंच झालं नव्हतं. आता एक साधा प्रश्न त्याला पहिल्यांदाच विचारायचा होता.

"शमीम," तो म्हणाला, "जुलैत मी जाऊ का..."

"नको," ती म्हणाली. त्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आतच म्हणाली.