चार्ज घेणाऱ्याची सही

तहान लागल्यावर विहीर खणायला निघणाऱ्या माणसांचा भालचंद्र साळवे यांना मनस्वी राग यायचा. छत्तीस वर्षं केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात नोकरी केली, सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले, पण अचानक तपासणीला आलेल्या एकाही साहेबाला त्यांच्या टेबलावरचा कागद इकडचा तिकडे सापडला नाही. साहेबांची गाडी गेटात शिरली की बाकीचे लोक धावाधाव करायचे, कुणी कागद खणात कोंबायचा, कुणी चहाचे कप लपवायचा. साळवे फक्त उठून नमस्कार करायचे आणि परत खाली बसायचे.

आता हे गृहस्थ नगरकडच्या जुन्या ख्रिस्ती घरातले. प्रभू परत येणार आहे, कधी ते कुणालाच ठाऊक नाही, तेव्हा जागं राहायचं, हे त्यांनी आईच्या मांडीवर ऐकलेलं. ते दिल्लीच्या सरकारी हवेत छत्तीस वर्षं मुरलं आणि त्याचं असं काही लोणचं झालं की विचारू नका. मयूर विहारच्या त्यांच्या तीन खोल्यांत सिंकमध्ये कधी खरकटं भांडं पडलेलं दिसायचं नाही. बूट पॉलिश केलेले, चष्मा एका ठरलेल्या जागी, गॅसचा मेन व्हॉल्व्ह कसा बंद करायचा त्याची चिठ्ठी भिंतीवर. बायकोशी भांडण झालंच तर ते दिवेलागणीच्या आत मिटवायचं, असा नियम होता. कुमुदताईंचं म्हणणं, या नियमापायी आमचं एकही भांडण धड पुरं झालेलं नाही.

आणि या सगळ्या तयारीचा कळस म्हणजे ती निळी फाईल. कपाटाच्या तिसऱ्या खणात, पांढऱ्या नाडीने बांधलेली, वर ठसठशीत अक्षरात ‘तयारी’. घराची कागदपत्रं, पेन्शनचे कागद, सरकारी पेन्शनरांना मिळणारी दवाखान्याची कार्डं, सगळं एकात एक. अगदी शेवटी एक कागद असायचा, तो मात्र त्यांनी कुणाला दाखवला नव्हता. तो होता चार्ज रिपोर्ट. सरकारात खुर्ची सोडणारा माणूस पुढच्या माणसाला काय काय सोपवतो याची यादी करतो, तसाच. फरक एवढाच की साळवे सोडणार होते ते हे जग. प्रभू आला आणि त्याने आपल्या लोकांना उचलून नेलं, तर मागे कुणीतरी गॅस बंद करायला हवा, कुंड्यांना पाणी घालायला हवं, पलीकडच्या कौशल्याबाईंची किल्ली त्यांना परत द्यायला हवी. साळव्यांना हे अगदी सरळ वाटायचं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते तो कागद नव्याने लिहायचे आणि खाली तारीख घालायचे.

त्यावर दोन रकाने होते. ‘निघणारे’ खाली ते स्वतः, कुमुद, आणि पेन्सिलने मुलगा अनिश, कारण अनिश उपासनेला महिन्यातून एकदा जेमतेम यायचा. ‘राहणारे’ खाली एकच नाव होतं. रुचिता, त्यांची सून.

रुचिता मराठी, पण दिल्लीतच वाढलेली. तिचे वडीलही केंद्र सरकारातलेच. घर हिंदू. सात वर्षांपूर्वी तिचं अनिशशी लग्न झालं, तेव्हा साळव्यांनी तिला ख्रिस्ताबद्दल एकदा, फक्त एकदाच विचारलं होतं. ती म्हणाली, बाबा, अभी नहीं. मनातल्या मनात ‘प्रलंबित’ असा शेरा मारून त्यांनी ते प्रकरण बाजूला ठेवलं, पुन्हा कधी काढलं नाही. तिच्या खोलीत छोटा गणपती होता, त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळच्या प्रार्थनेला ती कोथिंबीर निवडत कडेला बसायची, गाणं पाठ झालं होतं तेवढं म्हणायची. अन् साळव्यांचा जीव होता हो तिच्यावर. पोटच्या मुलापेक्षा तिच्यावर भरवसा जास्त. म्हणूनच तर चार्ज तिच्या नावाने.

त्या महिन्यात घरात एकच घोर होता. रुचिताच्या ऑफिसने तिला पुण्याची मोठी जागा देऊ केली होती. अनिशचं काम लॅपटॉपवरचं, तो कुठूनही करू शकत होता. हो की नाही ते शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. साळवे तोंडाने म्हणायचे, जा बाई, संधी दारात आली आहे. पण मनातून त्यांना ते नको होतं. ती गेली तर या वयात दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायचं, हे त्यांना दिसत होतं.

सोमवारी त्यांनी कागद नवा लिहिला. मंगळवारी दुपारी कुमुदताई ओट्यापाशी उभ्या होत्या, त्या खालीच बसल्या आणि तिथेच आडव्या झाल्या. घामाने चिंब. हाक मारली तर नुसतं हुं.

आणि इथे छत्तीस वर्षांची सगळी शिस्त पाण्यात गेली बघा. साळव्यांना काही सुचेना. ते चष्मा शोधू लागले, जो डोळ्यांवरच होता. हाका ऐकून आलेल्या कौशल्याबाईंनी गाडी बोलावली, त्यांच्या मुलाने कुमुदताईंना खाली नेलं, आणि साळवे घरातल्या चपला घालून त्यांच्याबरोबर निघाले. दवाखान्यात खिडकीवरच्या माणसाने कार्ड मागितलं तेव्हा लक्षात आलं की कार्ड फाईलमध्ये, फाईल कपाटात आणि कपाट घरी. जगाच्या अंताची तयारी पुरी होती, मंगळवारच्या दुपारची तेवढी राहून गेली होती.

अनिश कामासाठी जयपूरला गेला होता. त्यांनी रुचिताला फोन लावला. ती कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ऑफिसात होती. तिने दोनच प्रश्न विचारले, कुठला दवाखाना आणि फाईल कुठे. मेट्रोने घरी गेली, तिथून रिक्षाने दवाखान्यात आली, येताना सासूचा गाऊन, साळव्यांचे बूट आणि पाण्याची बाटली घेऊन आली. खिडकीवर कार्ड दिलं, डॉक्टरांशी बोलली. अंगातलं मीठ एकदम कमी झालं होतं, दोन दिवस ठेवून घेऊ, घाबरण्यासारखं नाही, असं डॉक्टर म्हणाले. मग ती साळव्यांच्या शेजारी बाकावर बसली आणि फाईल त्यांच्या मांडीवर ठेवली.

“कार्ड शेवटच्या कागदाला चिकटून होतं, बाबा,” ती म्हणाली. “तो कागद वाचला मी.”

बस, एवढंच बोलली. साळवे काही म्हणायच्या आत औषध आणायला उठून गेली. पुढचे दोन दिवस तिने सगळं केलं, दवाखान्यात डबा नेला, साळव्यांना वेळेवर गोळी दिली, पण त्यांच्याशी बोलणं कामापुरतं.  बाईला किती लागलं असेल! सात वर्षं जिने या घराला आपलं म्हटलं, तिचं नाव आपण एकटीचं एका बाजूला लिहून ठेवलं, वर कुंड्यांना पाणी घालायला सांगितलं. आता ती पुण्याला जाईल, आणि कुठल्या तोंडाने तिला थांब म्हणायचं, हे त्यांना कळेना.

गुरुवारी कुमुदताई घरी आल्या. रुचिता ऑफिसला गेल्यावर साळव्यांनी त्यांच्यापुढे सगळं कबूल केलं आणि कागद हातात दिला. त्यांनी उशीला टेकून तो सावकाश वाचला. ‘राहणारे’ रकान्यात रुचिताच्या नावापुढे साळव्यांनी शेरा लिहिला होता: ‘विश्वासू. सर्व काही निर्धास्तपणे हिच्या हाती सोपवावे.’ कुमुदताईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

“अहो, जन्मभर प्रभूच्या तोंडून ‘शाबास, विश्वासू दासा’ ऐकायची आस धरलीत ना तुम्ही? सगळ्या कागदात विश्वासू म्हणून एकच माणूस सापडलं तुम्हाला, आणि नेमकं त्यालाच मागे ठेवलंत?”

 साळव्यांना शास्त्रवचनं ढीगभर पाठ होती, पण त्यातलं एकही पुढे यायला तयार होईना. कुमुदताईंनी कागद परत दिला आणि म्हणाल्या, मला काय सांगता, तिला सांगा. दिवे लागायच्या आत.

पण त्या दिवशी दिवे लागले तरी त्यांना धीर झाला नाही. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, घरातला नियम पहिल्यांदा मोडला, आणि तोही त्यांनीच.

शुक्रवारी संध्याकाळी रुचिता घरी आली, हातपाय धुऊन स्वयंपाकघरात शिरली. साळवे मागोमाग गेले. हातात तो कागद. ती कुकरला शिटी लावत होती, तिने वळून बघितलं नाही.

“चुकलं माझं,” साळवे म्हणाले. “तुला दुखवायचं नव्हतं. तुझ्याइतका भरवसा मला कुणाचाच नाही, म्हणून तुझं नाव घातलं.”

“अच्छा,” रुचिता म्हणाली. मग तिने ओढणीला हात पुसले आणि कागद त्यांच्या हातातून घेतला. खाली जिथे चार्ज घेणाऱ्याची सही हवी तिथे रिकामी रेघ होती. ती तिकडे बघत राहिली. “बाबा, ते तुमचं अकरा दिवसांचं काय होतं? कपाटाच्या किल्लीचं?”

ही गोष्ट घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. साळव्यांची एकदा दुसऱ्या मंत्रालयात बदली झाली, पण जागेवर आलेल्या माणसाने एका कपाटाची किल्ली सापडत नाही म्हणून चार्ज रिपोर्टवर सही करायला नकार दिला. अकरा दिवस साळवे जुन्याच खुर्चीत अडकून पडले, बदलीची ऑर्डर खिशात असून. साळव्यांना आत्ता त्या गोष्टीचा संबंध कळेना, तरी सवयीने त्यांनी नियम सांगितला. घेणाऱ्याची सही झाल्याशिवाय देणारा सुटत नाही.

“मग मी सही करणार नाही,” रुचिता म्हणाली. “बिल्कुल नाही करणार. बघू कसे जाता ते.”

तिचा आवाज भरून आला होता आणि तिला त्याचा रागही आला होता.  मग ज्याची इतके दिवस धास्ती होती ते साळव्यांनी विचारून टाकलं. आज शुक्रवार, पुण्याला काय कळवलंस?

“ते तर सोमवारीच कळवलं. नाही म्हणून.” तिने कागद त्यांच्याकडे फिरवून धरला आणि तारखेवर बोट ठेवलं. “मी तुम्हाला सोडून जात नाही म्हणून मेल लिहिली, बाबा. आणि त्याच दिवशी तुम्ही घरी बसून, मला सोडून कसं जायचं ते लिहीत होतात.”

कुकरची शिटी झाली. तिने गॅस बारीक केला, डोळे पुसले आणि कोथिंबिरीची जुडी काढली.  साळव्यांनी कागद परत घेतला, त्याची चार पदरी घडी केली आणि शर्टाच्या खिशात घातली. फाडला नाही. सरकारी माणूस कागद फाडत नाही.

त्या संध्याकाळी प्रार्थनेला तिघंच होते. कुमुदताई पलंगावर, साळवे खुर्चीवर, रुचिता दाराशी पाट घेऊन, पुढ्यात सुपात कोथिंबीर. एक गाणं झालं. साळव्यांनी कुमुदच्या प्रकृतीसाठी आभार मानले, अनिशच्या जयपूरहून परतीच्या प्रवासासाठी मागितलं, कौशल्याबाईंच्या मुलाला आशीर्वाद मागितला. शेवट ठरलेला असायचा. चाळीस वर्षं एकही दिवस न चुकता ते तीनच शब्द म्हणायचे, ‘प्रभू, लवकर ये’, आणि बाकीचे आमेन म्हणून उठायचे. रुचिताने सवयीने सूप उचललंही.

पण साळवे थांबले. इतके थांबले की कुमुदताईंनी एक डोळा उघडून बघितलं. हात जोडलेले, मान खाली, आणि खिशावर त्या घडी केलेल्या कागदाचा फुगवटा.

“प्रभू, ये,” साळवे म्हणाले. “तू येणार ते ठाऊक आहे. पण खोटं कशाला बोलू, माझी तयारी झालेली नाही. मला वाटत होतं, झाली. ही पोर सोबत नसेल तर माझा पाय निघायचा नाही. तेवढं तू बघ.”

 मग आमेन म्हणाली ती रुचिता, सगळ्यांच्या आधी. म्हणाली आणि सूप घेऊन स्वयंपाकघरात गेली, कारण वरण ढवळायचं राहिलं होतं.