पायाकुंबूची बोली

उपासनेचा फोन आला तेव्हा भीमरत्न बेळगावच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता. त्याची ही धाकटी बहीण बेळगावातल्याच एका मोठ्या दवाखान्यात नर्स होती, आणि कामाच्या वेळात ती सहसा फोन करत नसे.

"अण्णा, आमच्या वॉर्डात एक म्हातारी हाय. मलेशियाची. तिची नात हितं डॉक्टरकी शिकती. नातीच्या पदवीच्या समारंभाला म्हणून आलती आणि जिन्यात पडली. खुब्याचं ऑपरेशन झालंय. पर शुद्धीवर आल्यापास्नं घाबरल्यागत करती. सलाईन उपसून टाकती. नात मलय बोलती, इंग्लिश बोलती, ही कशालाच ओ देईना. नुसतं इंडाक, इंडाक म्हणती. तू पूर्वी फोनवर म्हणायचास बघ, तसं."

भीमरत्ननं हातातली परीक्षानळी खाली ठेवली. मग म्हणाला, "आलोच."

इंडाक म्हणजे नाही. पायाकुंबूत तो पहिल्यांदा शिकलेला शब्द तोच. निपाणीत विड्या वळून आईनं, तानीबाईनं, त्याला बीएस्सी केलं होतं. पुढं एका व्यापाऱ्यानं त्याला इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावर, पायाकुंबूला पाठवलं. तिथं गांबिर नावाचं झुडूप होतं, त्याच्या पानांचा अर्क वाळवतात आणि तो आपल्याकडं पानाच्या कातात येतो. त्या अर्काची प्रत तपासायचं काम. दोन वर्षांसाठी म्हणून गेला तो नऊ वर्षं राहिला. एका घरात खोली घेऊन राहायचा. घरमालकिणीला सगळं गाव आमाक, म्हणजे आई, म्हणायचं, तोही म्हणू लागला. ती मिनांगकाबाऊ समाजाची माणसं. पुस्तकातली इंडोनेशियन बोलून तुला पोटभर जेवण मिळेल, पण गप्पा मिळणार नाहीत, असं आमाक म्हणायची आणि भात वाढता वाढता त्याला आपली बोली शिकवायची.

आमाकची मुलगी रोस्मी शाळेत शिकवत होती. तिच्यामुळं नऊ वर्षं झाली.

त्यांच्यात घर बायकांचं असतं. जमीन आईकडून लेकीकडं जाते आणि नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. लग्न करायचं तर धर्मही त्यांचा घ्यायला लागला असता. रोस्मीनं एकदाच विचारलं होतं, आणि त्यानं विचार करून सांगतो म्हटलं होतं. त्याच महिन्यात सत्याप्पाला, त्याच्या वडिलांना, लकवा झाला. भीमरत्न निपाणीला आला आणि परत गेला नाही. वडील तीन वर्षं अंथरुणावर होते. मधल्या काळात रोस्मीचं लग्न झालं. आमाक फोनवर बोलायची, मग तीही गेली. त्यानंतर ती बोली बोलायला त्याला माणूस उरलं नाही. घरी मराठी, बाजारात कन्नड, कामावर हिंदी. सकाळी निपाणीहून बेळगावला येताना बसच्या खिडकीशी बसून तो कधी कधी पुटपुटायचा, शब्द विसरू नयेत म्हणून.

वॉर्डात म्हातारी डोळे मिटून, कॉटचा दांडा घट्ट धरून पडली होती. नात सुहैला रडून रडून दमली होती. "आजी मूळची सुमात्रातल्या बातुसांकारची," ती त्याला इंग्रजीत म्हणाली. "लग्न होऊन क्वालालंपूरला आली. मला तिची भाषा थोडीच कळते. आम्ही घरात ती कधी बोललोच नाही."

भीमरत्न कॉटजवळ वाकला. "आलाह माकान, आमाक?" त्यानं विचारलं. जेवलात का?

म्हातारीनं डोळे उघडले. त्याच्याकडं बघितलं, मागं कोणी आहे का तेही बघितलं. मग बारीक आवाजात म्हणाली, "कुणी विचारलंच नाही."

खरं म्हणजे सगळ्यांनी विचारलं होतं. उपासनेनं पेज आणली. भीमरत्ननं चमच्यानं भरवली आणि तिच्याशी बोलत राहिला. तुमचा पाय मोडला होता, डॉक्टरांनी बसवलाय, ही नळी औषधाची, ही मुलगी तुमची नात. म्हातारीनं दांडा सोडला.

मग कामावरून सुटला की तो रोज तिथं जाऊ लागला. म्हातारीचं नाव नूरसिया. हळूहळू ती भानावर आली, नातीशी मलय बोलू लागली, पण भीमरत्न आला की आपल्या बोलीत शिरायची. "तू पायाकुंबूवाल्यांसारखा हेल काढतोस," ती एकदा हसून म्हणाली. "कुणी शिकवलं?" त्यानं आमाकचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी रोस्मीचंही सांगितलं. हे त्यानं मराठीत कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या बोलीत ते सहज बाहेर आलं.

नूरसिया क्वालालंपूरला परत निघायच्या आदल्या दिवशी तानीबाई तिला भेटायला आली. जोंधळ्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून आणली होती. दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या. बोलणार काय?

"तिला विच्यार," तानीबाई भीमरत्नला म्हणाली, "माझं पोरगं तुमच्यात कसं बोलतंय म्हणून. मला त्यातलं काय कळत न्हाय."

भीमरत्ननं विचारलं. नूरसिया तानीबाईकडं बघत बराच वेळ बोलली. त्यात एकदा रोस्मीचं नाव आलं.

"काय म्हणती?"

"म्हणती, घरातल्या पोरागत बोलतो. म्हणती, त्यांच्यात पोरं परमुलखाला जात्यात आणि आया वाट बघत्यात. सगळी परत येत न्हाईत. तुमचं आलं, म्हणती."

"आणि रोस्मी कोण?"

तो फडक्याची गाठ सोडू लागला. नूरसियानं त्याच्याकडं बघितलं आणि भाकरीचा तुकडा मोडून खाऊ लागली.

परतीच्या बसमध्ये तानीबाईनं पुन्हा विचारलं. हत्तरगी गाव मागं पडेपर्यंत त्यानं सगळं सांगितलं. ती खिडकीबाहेर ऊस बघत ऐकत होती.

"मला का सांगितलं न्हाईस रं?"

"तू जा म्हणली असतीस."

"व्हय. म्हणलीच असती."

"म्हणून न्हाय सांगितलं. बाबा तसं पडलेलं. तू एकटी."

तानीबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग विचारलं, "तिची सय येती न्हवं अजून?"

"त्यांच्यात एक शब्द हाय. तारागाक. शेवटचा क बोलत न्हाईत, घशातच थांबवत्यात." त्यानं तसं म्हणून दाखवलं. "सय न्हाय नुसती. भूक लागल्यागत हुतंय. माणसाची, गावाची, कशाचीबी."

"आणि बोलायची?"

"बोलायची पण."

"मग बोल की," तानीबाई म्हणाली. "मला कळंना का. त्यांचं घर कसं व्हतं, ती माय काय रांधायची, समदं त्यांच्याच बोलीत सांग. मग मराठीत सांग."

बाजूच्या सीटवरचा माणूस बघत होता. भीमरत्ननं घसा साफ केला आणि आमाकच्या अंगणापासून सुरुवात केली. मध्येच एका शब्दावर अडला, डोळे मिटून आठवला, पुढं गेला. संकेश्वरला बस थांबली, माणसं उतरली, चढली. तानीबाई त्याच्या तोंडाकडं बघत होती आणि तो अजून स्वयंपाकघरापर्यंतही पोचला नव्हता.