झुमक्यातले मोती

एक कॅमेरा विकत घ्यायला माणसाला किती वेळ लागावा? इश्वरने अख्खा पावसाळा आणि अर्धा हिवाळा घालवला. राइस मिलमधलं काम आटोपलं की हा गडी पोत्यांच्या थप्पीला टेकून मोबाइलवर मतं वाचत बसायचा. ज्यांनी तो लांब झूमचा कॅमेरा आधीच घेतला होता, त्यांची मतं. जयपूरच्या एकाने लिहिलं होतं, चंद्रावरचे खड्डे दिसतात. कुणी लिहिलं होतं, उजेड कमी झाला की फोटोत दाणे येतात, पैसे पाण्यात. कुणी सांगत होतं, पूर्ण झूम केला की हात हलतो, स्टँड नसेल तर या भानगडीत पडू नका. एका महाभागाने पाच तारे देऊन एवढंच कळवलं होतं, की खोका छान बांधलेला होता. असल्या लोकांचा इश्वरला मनापासून राग यायचा. कॅमेऱ्याबद्दल विचारलं तर कॅमेऱ्याबद्दल बोला ना!

शेवटी कॅमेरा घरी आला आणि इश्वर रोज सकाळी तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, जाऊ लागला. बदकं, बगळे, लाल पायांचे शेकाटे. त्याची बायको मंदाबाई म्हणायची, लग्नात माझ्याकडे एवढं टक लावून पाहिलं नव्हतं. महिनाभराने इश्वरला वाटलं, आता आपणही मत द्यायला हवं. जयपूरच्या माणसाचा चंद्र सगळ्यांनाच दिसतो, आपण आपल्या गावातलं काहीतरी सांगू. त्याने दोन संध्याकाळी खपून मराठीत लिहिलं, बॅटरीबद्दल लिहिलं, स्टँडबद्दल लिहिलं, आणि शेवटी लिहिलं: "आमच्या तलावाच्या या पारीवर उभे राहा, आणि त्या पारीवर धुणं धुणाऱ्या बाईच्या झुमक्यातले मोती मोजून घ्या. याहून जास्त काय सांगू?" खाली स्वतःचं पूर्ण नाव आणि साकोली तालुका. हे मत कितीतरी लोकांना उपयोगी वाटलं, असं ते संकेतस्थळ सांगत होतं. इश्वर खूश होता.

त्या मताने गावात काय आग लावली, ते उन्हाळ्याच्या तोंडावर कळलं. गावातल्या कुणाच्या तरी नागपूरच्या भाच्याला कॅमेरा घ्यायचा होता. मतं वाचता वाचता त्याला इश्वरचं नाव दिसलं, आणि त्या शहाण्याने गंमत म्हणून ते गावाच्या ग्रुपवर टाकलं. सकाळी सगळे हसले. दुपारी कुणीतरी विचारलं, बाई कोण? संध्याकाळपर्यंत कुणी हसेनासं झालं.

मंदाबाई बोअरिंगवर पाणी आणायला गेली तर बायका बोलता बोलता गप्प झाल्या. ती पाण्याची पितळी गुंडी अर्धीच भरून परत आली आणि दारातच उभी राहिली.

"कोणाचे मोती मोजून राह्यले होते तुमी?"

"अवो, ते कॅमेऱ्याची तारीफ होती. उदाहरन दिलं."

"उदाहरनाले दुसरं कायी भेटलं नाही? म्हशीचं शिंग होतं, देवळाचा झेंडा होता. बाईच पाह्यजे होती?"

खरं सांगायचं तर असा प्रश्न इश्वरला पडलाच नव्हता. त्याने एका धोबी पक्ष्याचा फोटो काढला होता, तोच शेपटी हलवत पाण्याच्या काठाने पळणारा काळापांढरा पक्षी. पक्षी धुण्याच्या दगडावर होता, आणि दगडाशी वाकलेली बाई फोटोत आली. ती बाई महत्त्वाची नव्हती. झुमका एवढा स्वच्छ आला, याचंच त्याला कौतुक होतं.

मंदाबाई आत जाते न जाते तोच दाराशी कमलेशचा ट्रॅक्टर थांबला. कमलेश हा त्या पारीकडच्या वस्तीतला तरणाताठा माणूस, आवाज ट्रॅक्टरपेक्षा मोठा. त्याची बायको डिंपल रोज त्याच दगडावर धुणं धुवायची.

"काका, तसे झुमके माह्या बायकोचे आहेत," तो अंगणातूनच ओरडला. "अख्खं गाव मले इचारून राह्यलं. कायले काढला तिचा फोटो? किती काढले? तिनं काढू दिले का?"

"अरे बावा, तिले तं माहीतबी नाही! मी पक्षी..."

"पक्षी गेले खड्ड्यात. सगळ्या गावासमोर दाखवा. कोनाकोनाच्या बायका काढल्या, ते पाहू मंग."

गाव ज्यांचं ऐकतं ते भय्याजी मागोमाग आलेच. पिकलेले केस, धुतलेला सदरा, तोलून बोलणारा माणूस. त्यांनी दोघांनाही गप्प केलं आणि निकाल दिला. रविवारी सकाळी शाळेतल्या टीव्हीला कॅमेरा लावायचा. कॅमेऱ्यात जे असेल ते एकेक करून सगळ्यांनी पाहायचं. "पक्षी असतीन तं पक्षी दिसतीन," ते म्हणाले. "तुले भेव कायचं, इश्वर?"

इश्वरला त्यात सुटकाच दिसली. त्याच्या मनात पाप नव्हतं, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. लोक बगळे पाहून कंटाळतील, आणि झुमक्याची गोष्ट चहाबरोबर संपून जाईल.

शनिवारी दुपारी मंदाबाईने दार लावून घेतलं आणि म्हणाली, "गावाच्या पह्यले मले दाखवा." इश्वरने घरच्या टीव्हीला वायर जोडली. बदकं गेली, बगळे गेले. मंदाबाई हाताची घडी घालून बसली होती, चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. शेकाट्यांचा थवा गेला आणि धोबी पक्षी आला. मागे बाईचा वाकलेला चेहरा, एका बाजूने, पदर मागे सरकलेला.

"हाच तो," इश्वर म्हणाला. "सांग, याच्यात वाईट का आहे?"

"मोठा करा."

त्याने मोठा केला. झुमका टीव्हीभर झाला, आणि एवढ्या सगळ्यातसुद्धा तो बोलून गेला, "पाह्य, कसा साफ आला!"

"खाली घ्या. मानीवर."

त्याने फोटो वर सरकवला. कानाच्या खाली, मानेवर, काळेनिळे डाग होते. एकाखाली एक, सारख्या अंतरावर.

"सावली असन," इश्वर म्हणाला.

"सावलीले बोटं असतात का?"

इश्वर पाहतच राहिला. हा फोटो त्याने किती वेळा पाहिला असेल? मिलमधल्या पोरांना दाखवला होता. मत लिहिताना समोर ठेवला होता. मोत्यांची गिनती केली होती त्याने, आणि मोत्यांच्या खाली एका माणसाच्या हाताची बोटं उमटली होती, ती त्याला दिसली नाहीत. त्याला स्वतःची लाज वाटली. गाव म्हणत होतं त्याबद्दल नाही, त्याहून वाईट गोष्टीबद्दल.

"हा उद्या लागला तं..." तो म्हणाला.

"तं घरी गेल्यावर तिचं का होईन, ते तुमीच समजा. गाव दोन घंटे बोलन. रात तिले काढा लागते."

त्याने खोडायचं बटण दाबलं. कॅमेऱ्याने विचारलं, नक्की? त्याचा अंगठा तिथेच थांबला. खोडला तर हे कधी झालंच नाही असं होणार होतं. मंदाबाईने त्याचा हात धरला.

"थांबा. फोटो तिचा हाय. तिले इचारते मी."

ती गुंडी घेऊन बोअरिंगवर गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. डिंपल होती तिथे, पण कमलेश चार हातांवर ट्रॅक्टर धूत उभा. मंदाबाईने बादली सरकवायचं निमित्त करून तिच्या कानाशी एवढंच म्हटलं होतं, फोटोत मान दिसते, पोरी. डिंपलने पदर मानेभोवती ओढून घेतला आणि भरलेली बादली उचलून चालू लागली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही, आणि फोटो कॅमेऱ्यात तसाच राहिला.

रविवारी शाळेच्या वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. पुरुष बाकांवर, बायका दाराच्या बाजूला सतरंजीवर. भय्याजी मास्तरांच्या खुर्चीत. कमलेश टीव्हीला चिकटून उभा, जसं काही तोच दाखवणार होता. इश्वरने वायर जोडली तेव्हा त्याचे हात हलत होते, आणि ते सगळ्यांनी पाहिलं. ज्याच्या मनात काही नाही त्याचे हात कशाला हलतील, असं पाहणाऱ्यांच्या तोंडावर लिहिलं होतं.

पहिला फोटो बदकांचा. दुसराही बदकांचाच. हळूहळू लोक सैल झाले. "अरे, हा आपल्याच तलावातला होय?" कुणीतरी म्हणालं. एका म्हाताऱ्याने बगळ्याच्या चोचीतला मासा ओळखला आणि नाव सांगितलं. दोनचार जण हसले. भय्याजींनी मान डोलावली. अजून थोडी अशीच करमणूक झाली असती तर सभा आपोआप मोडली असती. पण इश्वरला क्रम पाठ होता. शेकाट्यांचा थवा आला, म्हणजे पुढचा तोच. त्याने बायकांकडे पाहिलं. डिंपल दाराजवळ बसली होती, पदर मानेभोवती गच्च, नजर जमिनीकडे. तिच्या मनात काय आहे ते त्याला कळेना.

त्याने बटणावरचं बोट उचललं.

"बस," तो म्हणाला. "याच्या पुढं नाही."

एकच कल्ला झाला.

"पाह्यलं का! पाह्यलं का!" कमलेश ओरडला. "आता निंगालं!"

भय्याजींनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "इश्वर, इथपर्यंत दाखवलं आन् आता नाही म्हनतं? गाव तुले का समजन, ते समजते ना तुले?"

"समजते."

"मंग दाखव."

"नाही, भय्याजी. माफी मांगतो. पायजे तं पाया पडतो. कॅमेरा घ्या, फोडा, तलावात टाका. मी पुन्हा पारीवर पाय नाही ठेवत. पन तो फोटो नाही दाखवत."

आयुष्यभर ज्याने कुणाचा वेडावाकडा शब्द ऐकून घेतला नव्हता तो इश्वर भर सभेत हात जोडून उभा होता. मागून कुणीतरी घाणेरडी शिवी दिली. त्याने ती ऐकली आणि गिळली. कॅमेऱ्याचं खालचं झाकण उघडून त्याने नखाएवढं कार्ड काढलं आणि मुठीत धरलं. टीव्ही काळा झाला.

कमलेश त्याच्या अंगावर धावून आला. त्याने इश्वरचं मनगट पिरगळलं, एकेक बोट उलगडायला लागला. चारदोन माणसं उठली, पण सोडवायला कुणीच पुढे झालं नाही. मंदाबाई मधे घुसली, तर तिला ढकललं गेलं. इश्वरच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्याने मूठ सोडली नाही.

"लावा, काकाजी."

आवाज मोठा नव्हता, पण दारातून आला आणि सगळ्यांना ऐकू गेला. डिंपल उभी राहिली होती.

"फोटो माहा आहे ना? मग लावा."

"डिंपल," कमलेश म्हणाला, "घरी चाल."

ती घरी गेली नाही. बायकांच्या मधून वाट काढत ती पुढे आली आणि टीव्हीच्या बाजूला उभी राहिली. कमलेशच्या हातातला जोर कमी झाल्याचं इश्वरला कळलं. त्याने डिंपलकडे पाहिलं. तिने होकाराची मान हलवली. त्याने कार्ड परत आत सरकवलं, आणि या वेळी त्याचे हात हलले नाहीत.

धोबी पक्षी आला. मागे डिंपल.

"मोठा करा," ती म्हणाली.

झुमका टीव्हीभर पसरला. आणि वर्गातल्या एका माणसाच्या तोंडून निघालंच, "अरे बाप, खरंच मोजता येतात मोती!" दोघंतिघं पुढे वाकले, मोजायलासुद्धा लागले असतील. त्यांच्यावर चिडायचा हक्क इश्वरला नव्हता.

"आता खाली घ्या."

त्याने खाली घेतलं. डाग आले. मोजणारे थांबले. डिंपलने पदर सोडला आणि तोंड भिंतीकडे केलं, म्हणजे लोकांना मान दिसावी. फोटोतले डाग केव्हाच गेले होते. आताचे दुसऱ्या बाजूला होते, ताजे, काल दुपारी मंदाबाई तिच्या कानाशी बोलली त्यानंतरचे.

"खोटं हाय हे!" कमलेश म्हणाला. "पडली होती ते. इचारा तिले." पण तो हे कुणाकडे बघून म्हणतोय, ते त्यालाच समजत नव्हतं. मंदाबाई जाऊन डिंपलच्या शेजारी उभी राहिली.

भय्याजी खुर्चीतून उठले. त्यांनी घसा साफ केला. "आपल्याले हे कायी माहीत नव्हतं, पोरी," ते म्हणाले, तोलून, नेहमीसारखं. "माहीत असतं तं गावानं..."

डिंपल वळली.

"भय्याजी, तुमच्या आन् आमच्या घराची भिंत एकच हाय," ती म्हणाली. "तुमाले आवाज येत नव्हता का?"

भय्याजी सदऱ्याचं बटण चाचपत परत खुर्चीत बसले. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. तेव्हा सतरंजीवरून, अगदी मागून, भय्याजींची म्हातारी बायको बोलली.

"येत होता," ती म्हणाली. "रोज येत होता."