कोलापोचा खरा निकाल

आमच्या ओमिदुडू गावात माणूस गेला की अंगणातच पुरतात आणि वर सिमेंटचा ओटा बांधतात. मग त्या ओट्यावर पोरं खेळतात, बायका कसाव्याचे कंद वाळत घालतात, जावई येऊन टेकतात. माझ्या बाबांच्या ओट्यावर अख्खा गाव बसून गेला. मी मात्र कधी बसले नाही. रोज सकाळी झाडायची आणि बाजूला व्हायची. बाबा शेवटची चार वर्षं माझ्याशी बोलले नव्हते. जो माणूस बोलत नाही, त्याच्या मांडीवर कुठल्या तोंडाने बसायचं?

याला कारण कोलापो अजिबुलू. या मार्चात गावातल्या प्रत्येक भिंतीवर ज्याचं थोबाड चिकटलं होतं, तोच. राज्याच्या विधानसभेसाठी पक्षाची उमेदवारी त्याला हवी होती. आमच्या भागात दुसरा पक्ष नावापुरताच, त्यामुळे खरी मारामारी घरातच. समोर होते डॉक्टर फातुसीन. हे औषधाचे डॉक्टर नव्हेत, पदवीचे.

महिनाभर दोघांच्या गाड्या भोंगे लावून फिरत होत्या. डॉक्टरांची गाडी ओरडायची, "ज्याला सही करताना घाम फुटतो, तो कायदे करणार? कोलापो, शाळेच्या शेवटच्या परीक्षेला तू बसला होतास का रे?" तिच्यामागून कोलापोची गाडी यायची, "सीमेपलीकडे टायरच्या दुकानावर दोन खोल्यांचं विद्यापीठ! चार टायर घ्या, एक डॉक्टरकी फुकट!" एक झाकावा आणि दुसरा काढावा. पण दोघेही नाकाने कांदे सोलत होते.

मी इथल्या सरकारी शाळेची मुख्याध्यापिका. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. निवडीच्या चार दिवस आधी कोलापो माझ्या कचेरीत आला आणि इतका वाकला, की त्याची टोपी माझ्या टेबलाला लागली. निवडणूक आली की या लोकांचा कणा लोण्याचा होतो.

"अगं मोरेनिके, माझ्या मागच्या बाकावर तूच होतीस ना? शनिवारी मैदानावर एवढंच सांग, की कोलापोला पेपर लिहिताना मी बघितलंय. तुझ्या शब्दापुढे गाव जात नाही. बाई खोटं बोलत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "आणि ते जुनं?"

"कुठलं जुनं?" तो हसत म्हणाला.

खरंच विसरला होता, की सोंग? तरी मी म्हटलं, "बरं. सांगते."

जुनं म्हणजे एकोणचाळीस वर्षांपूर्वीचं. हजेरीत त्याचं नाव अजिबुलू, माझं अलादेसुयी, म्हणून परीक्षेला पुढेमागे बाक आले. मी वर्गात पहिली, आणि त्याच्यावर जीव टाकणारी. तो म्हणाला, "इंग्रजी आणि गणिताच्या पेपरवर तू माझा नंबर टाक, मी तुझा टाकतो. पास झालो तर मामा मला नोकरीला लावेल. परीक्षा झाली की तुझ्या घरी येतो, तुझ्या बाबांशी बोलतो. लग्न झालं की तुला मी शिकवीन." मी नंबर टाकला. तो पहिल्या वर्गात पास झाला, मी दोन्ही विषयांत नापास. तो घरी आला नाही. वर्षभरात लाकडाच्या व्यापाऱ्याच्या मुलीशी लग्न करून मोकळा झाला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

बाबा शिंपी होते. मी विद्यापीठात जाणार म्हणून त्यांनी माझ्यासाठी निळा कोट-स्कर्ट शिवून ठेवला होता. निकाल लागला त्या दिवशी त्यांनी तो टाका टाका उसवला आणि त्यातून शेजारच्या पोरांना चड्ड्या शिवल्या. मला एक शब्द बोलले नाहीत. मी खरं सांगितलं असतं तर दोघांचेही निकाल रद्द झाले असते, आणि मी खुळी अजून कोलापोची वाट बघत होते. चार वर्षांनी बाबा गेले. "माझी मुलगी नापास झाली", हेच बरोबर घेऊन गेले. मग मी परीक्षा पुन्हा दिली आणि शिक्षिका झाले.

निकालाचा तो कागद मी पत्र्याच्या डब्यात जपून ठेवला होता.

आमच्याकडे पक्षाची निवड उघड्यावर होते. उमेदवाराचा फोटो एक माणूस डोक्यावर धरून उभा राहतो, सभासद हव्या त्या फोटोमागे रांग लावतात आणि पक्षाचा अधिकारी डोकी मोठ्याने मोजतो. शनिवारी माझ्याच शाळेच्या मैदानावर रांगा लागल्या. कोलापोची रांग फाटकाबाहेर गेली होती. त्याने तांदूळही वाटला होता आणि एका छापाचं कापडही. मोजणीआधी त्याने घोळदार झग्याच्या बाह्या खांद्यावर फेकल्या आणि मला माइक देऊन पुढे उभं केलं.

मी सुरुवात केली, "डॉक्टर म्हणतात, कोलापो परीक्षेला बसलाच नाही. हे खोटं आहे. तो बसला होता. मी डोळ्यांनी पाहिलं."

त्याच्या रांगेत ढोल वाजला.

"पूर्ण वेळ बसून त्याने दोन्ही पेपर लिहिले. आणि दोन्हीत नापास झाला. हा त्याचा निकाल." मी कागद वर धरला. "यावर नाव माझं आहे, कारण त्याने माझे पेपर चोरले."

चोरले नव्हते. मीच दिले होते. पण मी कोलापोला लहानपणापासून ओळखते. शाळेत असताना त्याने चोरलेल्या आंब्यांबद्दल कोणी बोललं तर तो खदखदा हसायचा, आणि न चोरलेल्या आंब्याचा आळ घेतला म्हणून त्याने एका पोराचा दात पाडला होता. खऱ्या आरोपाने त्याला काहीच होत नाही. खोटा आळ मात्र त्याला सोसत नाही.

त्याने माझ्या हातातला माइक ओढला. "चोरले? मी? तोंड सांभाळ! तूच दिलेस, आपल्या हाताने! माझा नंबर तुझ्या पेपरवर तूच लिहिलास, मी काय तुझा हात धरला होता?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. चार भोंगे होते, ते पार बाजारापर्यंत ऐकू गेलं. म्हणजे त्याला जुनं सगळं आठवत होतं तर! मला केवढा आनंद झाला!

मग त्याच्याच रांगेतली एक म्हातारी हसली. "अरे बाबा, याचा पास झाल्याचा कागदसुद्धा बाईमाणसाचा!" हसू रांगेत मागे मागे पसरत गेलं आणि रांग विरघळली. अधिकाऱ्याने मोजली तेव्हा चौदा डोकी भरली, त्यातली नऊ घरचीच.

डॉक्टर हात पसरून आले. "बाई, सत्याचा विजय झाला!"

"तुम्ही टायर सांभाळा," मी म्हटलं.

मंगळवारी शिक्षण कचेरीचं पत्र आलं. भर मैदानात गुन्हा उघड झाला म्हणून निलंबन, चौकशी, आणि तोवर पेन्शनची मंजुरी बंद. हात दाखवून अवलक्षण, असं शेजारीण म्हणाली. म्हणू दे.

बुधवारी उन्हं उतरल्यावर कोलापो अंगणात आला. मी झाडत होते.

"मोरेनिके, सोमवारी पक्षाची अपील समिती बसतेय. तू येऊन म्हण, उन्हाने माझं डोकं फिरलं होतं, आम्ही दोघं काहीबाही बोललो. निवड परत होईल. तुझं पत्र मी रद्द करवतो, वर माझी माणसं आहेत. आठ महिन्यांनी मानाने घरी बस."

"खरंच रद्द होईल?"

"आईची शपथ."

मी खराटा टेकवून ठेवला. "हे माझे बाबा. यांना सांग, नापास कोण होतं. मग येते."

त्याने ओट्याकडे पाहिलं, मग कुंपणाकडे. तिथे शेजारपाजार जमला होता. तो पुटपुटला.

"मोठ्याने. म्हातारपणी त्यांना कमी ऐकू यायचं."

कोलापो अजिबुलू गुडघ्यांवर बसला. झगा धुळीत पसरला. "काका," तो ओरडला, "तुमची पोरगी नापास नव्हती! मी होतो! तिचे पेपर मी माझ्या नावावर लावले!"

कुंपणाशी कोणीतरी "ऐकलं का गं?" म्हणालं. मी ओट्यावर बसले. दिवसभराच्या उन्हाने सिमेंट अजून ऊबदार होतं.

कोलापोने गुडघे झटकले. "मग सोमवारी येतेस ना?"

"नाही."

"अगं, पण तू आत्ताच म्हणालीस!"

"तूही म्हणाला होतास, परीक्षा झाली की येतो, बाबांशी बोलतो." मी कमरेला गुंडाळलेलं कापड सावरलं आणि ओट्यावर पाय वर घेऊन नीट बसले. "बोललास. आता जा."